घर खेळण्यांनी भरलंय, मग लहानग्याला भेट काय न्यायची?

वाढदिवसाचं आमंत्रण आलं की मी त्या मुलाच्या आईला फोन करते आणि विचारते, "हल्ली दिवसभर काय उद्योग चालतात गं त्याचे?" त्याच्याकडे काय काय आहे हे विचारत नाही, कारण सगळंच असतं. काय हवंय हेही विचारत नाही, कारण उत्तर ठरलेलं असतं, "ताई, काही आणू नका हो, घरात पाय ठेवायला जागा नाही." पण उद्योग विचारले की ती भरभरून बोलते. "बेसिनचा नळ सोडून बसतो." "सोफ्याच्या गाद्या काढून घर करते आणि मलाच आत पाहुणी म्हणून बोलावते." "घंटागाडीचं गाणं ऐकू आलं की तोंडातला घास तसाच ठेवून खिडकीकडे पळतो." "माझ्या सगळ्या ओढण्या कपाटाबाहेर." भेट काय न्यायची ते या तक्रारींमध्येच सांगितलेलं असतं.

नळ सोडणाऱ्याला मी एक उथळ घमेलं, दोन मग, एक नरसाळं, एक गाळणी आणि सांडलेलं पुसायला एक जाड फडकं देते. गाद्यांचं घर करणारीला दोन जुन्या डबलबेडच्या चादरी, डझनभर लाकडी चिमटे आणि खुर्च्यांना बांधायला सुताची जाड दोरी. घंटागाडीवाल्याला दोन छोट्या कचरापेट्या, ओल्याची हिरवी आणि सुक्याची निळी, सोबत एक खणखणीत पितळी घंटा. घरातला सुका कचरा गोळा करून दारापर्यंत नेण्याचं काम आता त्याचं, असं आईशी आधी बोलून ठेवायचं. ओढण्यांवालीला कापडांचं गाठोडं: एक उपरणं, एक पंचा, जुन्या साडीचा काठ, आजोबांची टोपी.

यातलं काहीही खेळण्यांच्या दुकानात मिळत नाही. मुलाचा जो खेळ आधीपासून रंगात आलेला आहे, त्याला पुढे नेईल अशी वस्तू शोधायची, एवढंच माझं म्हणणं आहे. नवीन खेळणं मुलाला त्याच्या खेळातून उठवतं आणि स्वतःकडे बोलावतं. चार दिवसांनी तेही पलंगाखालच्या टबात जाऊन पडतं.

मी ठाण्यात बालवर्ग घेते. अडीच ते सहा वर्षांची मुलं माझ्याकडे येतात, त्यामुळे त्यांची घरंही आतून पाहिलेली आहेत. दोन खोल्यांचा फ्लॅट, एकुलतं एक मूल, दोन्हीकडचे आजी-आजोबा, मामा, काका, आत्या, इमारतीतली पंधरा मुलं आणि प्रत्येक वाढदिवसाला परत येताना हातात रिटर्न गिफ्ट. कोणीही वाईट वागत नसतं. प्रत्येक जण प्रेमाने एकच वस्तू आणतो. पण मुलापर्यंत त्या सगळ्या मिळून पोचतात, आणि मूल बावरून जातं. एक उचलतं, टाकतं, दुसरं उचलतं, आणि शेवटी "मला कंटाळा आलाय" म्हणून मोबाइल मागतं. अमेरिकेतल्या टोलेडो विद्यापीठातल्या संशोधकांनी 2018 मध्ये दीड ते अडीच वर्षांच्या 36 मुलांवर केलेला एक अभ्यास प्रसिद्ध केला. प्रत्येक मुलाला एकदा चार खेळण्यांसोबत आणि एकदा सोळा खेळण्यांसोबत खेळायला सोडलं. चारच असताना मुलं एकेका खेळण्याशी जास्त वेळ रमली आणि त्याच्याशी जास्त तऱ्हांनी खेळली. आमच्या वर्गात हे रोज दिसतं. म्हणून फळीवर मोजक्याच वस्तू असतात, बाकीच्या पेटीत. सोमवारी काही आत जातात, काही बाहेर येतात, आणि बाहेर आलेल्या जुन्याच ठोकळ्यांवर मुलं नव्यासारखी तुटून पडतात.

ही दृष्टी काही आमची नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 पासून बोर्डीला आणि पुढे कोसबाडला बालवाड्या चालवल्या, तेव्हा शंख-शिंपले, बिया, खडे, पानं, फुलं हेच त्यांचं साहित्य होतं. महागडी परदेशी साधनं खेड्यात आणि आदिवासी पाड्यावर परवडणार नव्हती, हे एक कारण. पण त्या साहित्याने मुलं शिकली, मोजायला लागली, रचायला लागली. आपल्याकडे आता पैसे आहेत म्हणून शिंपल्यातली गंमत कमी झालेली नाही.

वापरून संपेल असं द्या

भरलेल्या घरात सगळ्यात बिनघोर भेट म्हणजे महिन्याभरात संपून जाणारी. माझी पहिली पसंती शाडूच्या मातीला. पिशवीतली कोरडी पूड देऊ नका, ती आई माळ्यावर ठेवून देते. आदल्या रात्री भिजवा, सकाळी कणकेसारखी मळा, हाताला चिकटेनाशी झाली की ओल्या फडक्यात गुंडाळून झाकणाच्या डब्यात भरून न्या. किलो-दीड किलोत मूल कंजुषी करायला लागतं, तेव्हा चांगली पाच किलो न्या. सोबत एक लाकडी पाट, कारण पाटावरच खेळायचं म्हटलं की पसाऱ्याला हद्द पडते. आईला तीन गोष्टी सांगा. खेळून झालं की गोळा परत ओल्या फडक्यात. वाळून कडक झाली तरी टाकायची नाही, पाण्यात भिजत घालायची की पुन्हा मऊ. आणि मातीचे हात बेसिनमध्ये धुवायचे नाहीत, बादलीत धुवायचे आणि ते गढूळ पाणी कुंडीत ओतायचं, नाहीतर पाइप तुंबतो आणि माती कायमची बंद होते.

मुलाला "गणपती कर", "हत्ती कर" असं सांगू नका. अडीच-तीन वर्षांचं मूल आधी नुसतं दाबतं, थापटतं, बोट खुपसून भोक पाडतं. मग सळी वळायला लागतं. मग एक दिवस ती सळी वळवून टोकाला टोक जोडतं आणि म्हणतं, "बांगडी." तिथपर्यंत त्याचं त्याला जाऊ द्यायचं.

कागद हवेतच. पाठकोऱ्या कागदांचा जाडजूड गठ्ठा, छापखान्यातून मागितलेल्या कापलेल्या पट्ट्या, खाकी कागदाची गुंडाळी. तीन वर्षांच्या मुलाला कोरं चित्रकलेचं पुस्तक दिलं की मोठी माणसं "पान वाया घालवू नकोस" म्हणतात, पाठकोऱ्यावर कोणी तसं म्हणत नाही. रंग थोडे, पण जाड खडू, मुठीत मावणारे. आणि कागदी चिकटपट्टी. हिची किंमत फार थोड्यांना कळते. एक अख्खं रीळ मुलाच्या स्वाधीन करा. फरशीवर रस्ते होतात, बाहुलीला बँडेज होतं, खोक्याला दार लागतं. ती भिंतीचा रंग फारसा काढत नाही, तरी "फरशी आणि खोकी तुझी, भिंत नाही" हे आधी सांगून ठेवलेलं बरं.

खोका म्हटलं तर फ्रीजचा किंवा वॉशिंग मशिनचा पुठ्ठ्याचा खोका ही मी दिलेल्या भेटींमधली सगळ्यात यशस्वी भेट आहे. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात आधी सांगून ठेवलं की देतात. स्टेपलच्या पिना पक्कडीने उपसून टाका, कडांना चिकटपट्टी लावा, खिडकी मोठ्या माणसाने कापून द्या. मूल त्यात जेवतं, झोपतं, दुकान मांडतं. फाटला की रद्दीत. कोणाचाही जीव अडकत नाही.

खऱ्या घरातली खरी वस्तू, लहान मापाची

माझ्या भाचीच्या मुलीकडे प्लॅस्टिकचं स्वयंपाकघर होतं, दिवे लागणारं, आवाज करणारं. तिच्या तिसऱ्या वाढदिवसाला मी छोटा लाकडी पोळपाट, लाटणं आणि एक स्टीलची वाटी नेली. आईने लिंबाएवढी कणीक दिली. मुलगी पाटावर बसली. आधी कणीक तळहाताने चेपली, मग लाटणं दोन्ही हातांनी धरून अंगाचा सगळा भार त्यावर टाकला. कणीक लाटण्यालाच चिकटून वर आली. तिने ती नखांनी सोडवली, वाटीतल्या पिठात लोळवली, परत लाटली. पीठ कोपरापर्यंत. कणकेचा रंग हळूहळू राखाडी झाला. कोणी मध्ये बोललं नाही, कोणी हात धरला नाही. शेवटी ती एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला फाटकी पोळी घेऊन ओट्यापाशी गेली आणि पणजीला म्हणाली, "भाज." पणजीने ती खरोखर तव्यावर टाकली. एका कोपऱ्यात छोटा फुगा आला. तो फुगलेला तुकडा मुलीने बापाच्या तोंडात घातला. आता रोज सकाळी पोळ्यांच्या वेळी तिची एक गोळी ठरलेली असते. प्लॅस्टिकचं स्वयंपाकघर शेजारी दिलं.

अशा वस्तू भांड्यांच्या दुकानात शोधा: छोटी परात, हातात मावणारी कासंडी, रवी, चिमुकला खलबत्ता. पुण्यात तुळशीबागेत पितळी भातुकली अजून मिळते, पण ती चार-पाच वर्षांपुढच्या मुलाला, भांडी फार लहान असतील तर त्याहून मोठ्यालाच. बागेची आवड असेल तर पाव लिटरची झारी आणि धने. धने पोळपाटावर हलके रगडून दोन फाकी करून पेरायचे, मग चांगले उगवतात. पण कोंब यायला आठ-दहा दिवस लागतात आणि तेवढा धीर तीन वर्षांच्या मुलाला नसतो. म्हणून शेजारच्या कुंडीत मेथी किंवा मोहरी पेरायची, ती तीन-चार दिवसांत डोकं वर काढते. कुलूप आणि किल्ली, शिंप्याची टेप, भिंग, आत स्क्रूने बंद होणारा टॉर्च, या चार वस्तूंवर चार वर्षांचं मूल जितका वेळ घालवतं तितका क्वचितच दुसऱ्या कशावर.

कडधान्यं वेगळी करायचा खेळ मुलांना फार आवडतो, राजमा एका वाटीत, छोले दुसऱ्या वाटीत. पण तीन वर्षांखालच्या मुलाजवळ हा खेळ अजिबात नको. दाणा नाकात जातो, ओलाव्याने फुगतो आणि मग डॉक्टरकडेच काढावा लागतो. तीनच्या पुढेही मोठं माणूस समोर बसलेलं हवं.

बरोबर जायचं असेल तर लवकर जा

"त्याला काही वस्तू नको, आम्ही त्याला फिरायला नेऊ" असं हल्ली बरेच जण म्हणतात. चांगलंच आहे. पण तीन वर्षांच्या मुलाला "पुढच्या महिन्यात नेईन" याचा अर्थ लागत नाही. त्याच्यासाठी ती भेट नसतेच. उद्या किंवा येत्या रविवारी नेणं जमत असेल तरच हे द्या. आणि वाढदिवसाच्या दिवशी उघडायला काहीतरी हातात ठेवा. हाताने काढलेलं मोठं तिकीट, एक उन्हाची टोपी, वाटेत खायचा छोटा डबा. मूल त्या दिवशी टोपी घालून झोपेल, आणि रविवारी तिकीट तुमच्यासमोर धरेल.

लांब जायची गरज नसते. आमच्या ठाण्याच्या मुलांना तलावपाळीची होडी पुरते. मुंबईत बेस्टच्या नव्या विजेच्या दुमजली बसमध्ये वरच्या मजल्यावर अगदी पुढे बसवा. जुन्या डिझेलच्या दुमजली बस सप्टेंबर 2023 मध्ये बंद झाल्या, त्यांच्या आठवणी आजोबांनी त्याच सीटवर बसून सांगाव्यात. राणीच्या बागेत पेंग्विन आहेत, फक्त बुधवारी बाग बंद असते. आगगाडीचं वेड असलेल्या मुलाला पुण्यात कोथरूडच्या जोशींच्या छोट्या रेल्वेच्या संग्रहालयात न्या. माथेरानची गाडी सगळ्यांना खुणावते, पण नेरळहून वर जाणारा प्रवास लहान मुलाला लांब पडतो आणि पावसाळ्यात ती गाडी बंद असते. अमन लॉज ते माथेरान हा छोटा टप्पा तीन-चार वर्षांच्या मुलाला अगदी बेताचा आहे.

आग विझवणाऱ्या लाल गाडीचं वेड असलेल्यांसाठी एक तारीख लक्षात ठेवा. 14 एप्रिल 1944 ला मुंबई बंदरातल्या स्फोटात अग्निशमन दलाचे अनेक जवान मृत्युमुखी पडले, त्यांच्या स्मरणार्थ 14 ते 20 एप्रिल हा अग्निशमन सेवा सप्ताह पाळतात. त्या आठवड्यात बऱ्याच ठिकाणी प्रात्यक्षिकं होतात. जवळच्या केंद्रात आधी जाऊन विचारून या. इतर वेळीही नम्रपणे विचारलं तर गाडी लांबून दाखवायला सहसा कोणी नाही म्हणत नाही.

जाताना एकच मूल आणि एकच मोठं माणूस असेल तर सगळ्यात उत्तम. धाकटं भाऊ-बहीण झालेल्या मुलाला तर हे औषधासारखं लागू पडतं. बारशाला सगळे बाळासाठी झबली-दुपटी नेतात. मी थोरल्यासाठी काहीतरी नेते आणि त्याला तासभर खाली बागेत घेऊन जाते. बाळंतिणीलाही तो तास मिळतो.

जुनंच नवं करा

ज्या घरात खूप खेळणी असतात तिथे मोडकीही खूप असतात, आणि त्यातली एखादी मुलाची अतिशय लाडकी असते. तिची दुरुस्ती ही भेट म्हणून मी मनापासून सुचवते, विशेषतः आजी आणि मावशांना. बाहुलीचे केस विंचरून द्या, अस्वलाचा उसवलेला हात शिवा, गाडीला नवं चाक बसवा. बाहुलीला गोधडी शिवा. आजीच्या जुन्या सुती साडीचे दीड फूट लांब आणि एक फूट रुंद असे चार तुकडे एकावर एक ठेवायचे, कडा आत दुमडून टाचायच्या, मग जाड दोऱ्याने कडेपासून आत आत चौकोनी धावदोरा घालत जायचं. रविवारच्या एका दुपारीत होते. चार वर्षांच्या मुलाला मधला एखादा टाका घालू द्या, बोथट सुईने. वेडावाकडा आला तरी उसवू नका, तो टाका ते मूल वर्षभर प्रत्येक पाहुण्याला दाखवतं.

काड्यापेटीतल्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी यांपासून त्रिकोण, चौकोन, घरं उभी करायला अरविंद गुप्तांनी शिकवलं. पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेतल्या, मुलांसाठीच्या विज्ञान शोधिकेत त्यांनी कित्येक वर्षं टाकाऊतून खेळणी करून दाखवली. सायकलच्या दुकानातून ती नळी घेऊन तिचे दोन-दोन सेंटिमीटरचे तुकडे करा, काड्यांची गुलं खरवडून काढा आणि एका डबीत भरून पाच वर्षांच्या मुलाला द्या. त्याहून लहानाला तुकडे तोंडात जातील, म्हणून नको.

सणांच्या भेटींमध्ये दिवाळीचा किल्ला मला सगळ्यात जवळचा. मामाने किंवा काकाने सुट्टी लागल्या लागल्या एक पोतं लाल माती, चार विटा, गोणपाट, वाटीभर हळीव आणि कुंभारवाड्यातले मावळे घेऊन घरी यायचं. गच्ची किंवा अंगण नसेल तर गॅलरीत जाड प्लॅस्टिक अंथरा. विटा-दगड रचून उंचवटे करा, गोणपाट पातळ चिखलात बुचकळून त्यावर ओढून घ्या, म्हणजे कडे-कपारी आपोआप पडतात. भिजवलेले हळीव वसुबारसेच्या पाच-सहा दिवस आधी चिकटवा आणि रोज पाणी शिंपडा, दिवाळीत किल्ला हिरवा दिसेल. महाराज सिंहासनावर कुठे बसवायचे आणि तोफ कोणाकडे तोंड करून ठेवायची याचा निर्णय मुलाचा.

खेळणंच न्यायचं असेल तर

कधी कधी खेळणंच न्यावंसं वाटतं, आणि त्यात काही चूक नाही. मग त्याच्याकडे जे आहे त्यात भर घाला. ठोकळे असतील तर त्याच मापाचे आणखी ठोकळे, रुळांची गाडी असेल तर त्याच बनावटीचे जादा रूळ आणि एक पूल. जागा तेवढीच लागते आणि जुना खेळ दुप्पट मोठा होतो. लाकडी हवं असेल तर सावंतवाडीची चितारआळी आहे, कर्नाटकातल्या चन्नपट्टणची लाखेच्या रंगाची खेळणी आहेत.

1 जानेवारी 2021 पासून 14 वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. नोंदणीकृत हस्तकला कारागिरांना त्यातून सूट आहे, त्यामुळे सावंतवाडीच्या बैलगाडीवर ते दिसलं नाही तरी दचकू नका, पण बाजारातल्या प्लॅस्टिकच्या आणि बॅटरीच्या खेळण्यावर ते बघाच. तीन वर्षांखालच्या मुलासाठी साधी घरगुती चाचणी म्हणजे टिश्यू पेपरच्या गुंडाळीची मधली पुठ्ठ्याची नळी. तिच्यातून जे आरपार जातं ते त्या मुलाजवळ नको. बटणासारखी चपटी बॅटरी असलेली वस्तू, जिचं झाकण स्क्रूशिवाय उघडतं, ती कुठल्याच लहान मुलाच्या घरात नेऊ नका. ती गिळली तर अन्ननलिका दोन तासांत भाजू शकते. गिळल्याची शंका जरी आली तरी वाट न बघता थेट दवाखान्यात न्यायचं. सुटे शक्तिशाली चुंबक आणि पाण्यात फुगणारे रंगीत मणी यांचंही तसंच. पोटात गेले तर शस्त्रक्रियेची वेळ येते. या बाबतीत मी कोणाची भीड ठेवत नाही. वाढदिवसाच्या टेबलावर असं काही दिसलं तर त्या आईला बाजूला घेऊन सांगते.

पुस्तकं अर्थातच न्या, पण एकच न्या आणि तिथेच मांडीवर घेऊन वाचा. तुमच्या आवाजात एकदा ऐकलेलं पुस्तक मूल पुन्हा पुन्हा मागतं, नुसतं कागदात गुंडाळून दिलेलं फळीवर जातं. "चिकूपिकू"सारख्या मासिकाची वर्षभराची वर्गणी भरली तर दर महिन्याला मुलाच्या नावाने पाकीट येतं, याचं त्या वयात मोठं अप्रूप असतं.

मोठ्यांशी बोलायचं कसं

अडचण मुलांची नसते, मोठ्यांची असते. आजीला वाटतं, नातवाकडे रिकाम्या हाताने कसं जायचं? तिला "काही आणू नका" म्हटलं की ती दुखावते. तिला काम सांगा. "आई, याला तुमच्या हातची बेसनाची वडी आवडते, तुम्ही त्याला बरोबर घेऊन वड्या पाडायला शिकवाल का? छोटा कालथा तेवढा आणा." हे तिला आवडतं, आणि कालथा पुढच्या खेपेलाही उपयोगी पडतो.

जावेला किंवा नणंदेला आधीच विचारा. "वहिनी, स्पष्ट सांगा हं, घरात ठेवायला चालेल ना? नको असेल तर मला अजिबात राग नाही." मातीसारखी पसारा करणारी वस्तू न विचारता नेणं बरं नाही. ज्या आईला तो पुसायचा आहे तिचा होकार हवा.

आणि तुम्हीच आई-वडील असाल तर आमंत्रणातच लिहा, संकोच करू नका. असं लिहिता येईल: "ओवीकडे खेळणी भरपूर आहेत. तुम्ही सगळे आलात की तिचा वाढदिवस साजरा झाला. काही द्यावंसंच वाटलं तर आम्ही तिच्यासाठी छोटी सायकल घेतोय, त्यात शंभर-दोनशे रुपयांची भर घातलीत तर तिला सांगता येईल की ही तुम्हा सगळ्यांची भेट." इमारतीतल्या आठ-दहा घरांनी मिळून एक चांगली वस्तू घेतली की दहा डबे वाचतात. सायकल घेतलीच तर तीन-चार वर्षांच्या मुलाला 12 इंची चाकांची घ्या, सीट इतकी खाली करा की दोन्ही पावलं जमिनीवर टेकतील, आणि पहिले काही आठवडे पेडल काढून ठेवा. पाना बहुतेक 15 नंबरचा लागतो, आणि डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, ते घड्याळाच्या दिशेने फिरवल्यावर सुटतं. मूल पायांनी ढकलत ढकलत तोल सांभाळायला शिकतं. मग पेडल लावा, बाजूची आधाराची चाकं लागतच नाहीत.

रोख पाकीट देणारे देऊ देत. मुलगी दहा वर्षांखालची असेल तर पोस्टात किंवा बँकेत सुकन्या समृद्धीचं खातं उघडता येतं, वर्षाला किमान 250 रुपये भरावे लागतात. वाढदिवसाच्या पाकिटांमधून तेवढं सहज निघतं.

राहिली रिटर्न गिफ्ट. पन्नास रुपयांची प्लॅस्टिकची वस्तू पंधरा घरांमध्ये पाठवून आपणच ती घरं भरत असतो. कागदाच्या पुडीत दोन चमचे मेथीचे दाणे आणि मुलाने स्वतः रंगवलेला मातीचा छोटा गाडगा द्या, कुंभाराकडे घाऊक घेतला तर स्वस्त पडतो. नाहीतर एक जाड रंगीत खडू आणि एक राजगिऱ्याचा लाडू. लाडू घरी पोचायच्या आत जिन्यातच संपतो, आणि खडूने दुसऱ्या दिवशी खालच्या पार्किंगमध्ये रेघा दिसायला लागतात. सोसायटीच्या सेक्रेटरींना तेवढं आधी सांगून ठेवा, पाऊस पडला किंवा फरशी धुतली की त्या निघून जातात.